स्वच्छ प्रत

२ जानेवारी

निवृत्तीनंतरचे हे पहिले नवे वर्ष. संकल्प: संग्रहातील प्रत्येक मैफलीचे ध्वनिमुद्रण निर्दोष करणे. प्रत्येक म्हणजे प्रत्येक.

मैफलीत चोरून केलेले रेकॉर्डिंग हे स्टुडिओतील रेकॉर्डिंगपेक्षा श्रेष्ठ असते, कारण तेथे वादक चुकण्याचा धोका पत्करून वाजवतो. त्यात दोष एकच. श्रोतेही असतात.

आज कपाटातील वरचा खण लावला. खालचे राहिले, कारण मध्येच एक कॅसेट ऐकावी लागली. ही म्हणाली की घोरत घोरत काम करणारा माणूस तिने प्रथमच पाहिला. तपासणी डोळे मिटूनच करावी लागते, हे तिला समजावून सांगितले. समजलेले दिसले नाही.

५ जानेवारी

मंडळास पत्रक धाडले. मंडळ म्हणजे म्हातारबुवांच्या व्हायोलिनचे आम्ही उरलेले सहा-सात चाहते. टेपेच्या बदल्यात टेप, असा आमचा व्यवहार. (बुवांना हे नाव तिशीतच पडले, केस लवकर पिकल्यामुळे. आता बुवा नाहीत. आमची कपाटे आहेत.) मैफलीत केलेली मूळ टेप ज्याची त्याच्याकडे राहते, बाकीच्यांकडे तिची प्रत, किंवा प्रतीची प्रत. प्रत्येक पिढीगणिक आवाज थोडा धुरकट होत जातो. म्हणून नियमावलीत मी स्वतः एक नियम घातला आहे: अधिक चांगली प्रत हाती आली की जुनी पुसावी, म्हणजे वाईट प्रत पुढे पसरणार नाही. आजवर कोणीही तो पाळलेला नाही. यंदा पाळतील. भाषा कडक ठेवली आहे.

८ जानेवारी

दंतवैद्यांचा फोन. मंडळातील सर्वांत जुने सभासद, पण शिस्त शून्य. शेवटच्या दौऱ्यात बुवांनी पडदा पडल्यावर पुन्हा बाहेर येऊन एक लहानशी धून वाजवली होती, आपण स्वतः ऐकली, तिची नोंद यादीत करावी, असा त्यांचा आग्रह. टेप आहे का, असे मी विचारले. यंत्र तोवर पिशवीत गेले होते म्हणे. मग नोंद होणार नाही. टेपवर नाही ते घडले नाही, हे तत्त्व मी त्यांना पुन्हा एकदा शांतपणे समजावले. ते म्हणाले, तुमच्या हिशेबाने माझं लग्नही झालेलं नाही. फोन ठेवला.

११ जानेवारी

वहिनींचा फोन. दादा गेल्यापासून त्या सहसा स्वतःहून फोन करीत नाहीत. उजव्या कानाने त्यांना ऐकू येत नाहीच. आता डावाही चालला आहे. कानाच्या डॉक्टरांनी आशा ठेवू नका म्हणून स्पष्ट सांगितले. त्याआधी त्यांना एक कॅसेट ऐकायची आहे. नाट्यगृहातली, दादा माझ्याबरोबर आला होता ती. दादाचा जुना प्लेयर त्यांनी दुरुस्तही करून आणला आहे.

मी म्हणालो, त्याच वर्षीचे याहून सरस वादन माझ्याकडे आहे. त्या म्हणाल्या, नको, तीच कॅसेट हवी. मग त्यांनी विचारले की त्यात ह्यांचा आवाज आहे ना. मला संकोच वाटला. आहे, असे कबूल केले आणि त्याची काळजी तुम्ही करू नका, ते सगळे माझ्यावर सोपवा, असा धीर दिला. त्यांचा आवाज एकदम भरून आला. म्हणाल्या, तुम्हीच आहात म्हणून.

इतक्या वर्षांनी घरातील कोणाला तरी माझ्या कामाची किंमत कळली.

१२ जानेवारी

त्या मैफलीची पार्श्वभूमी नोंदवून ठेवतो. नाट्यगृहात यंत्र नेण्यास बंदी होती. मी सडपातळ, माझ्या अंगावर पेनसुद्धा लपत नसे. दादा रुंद, आणि त्याच्याकडे बस डेपोतला जाड कोट. म्हणून यंत्र त्याच्या कोटात आणि माइक त्याच्या कॉलरखाली. स्टँड म्हणून उत्कृष्ट. पण हा स्टँड बोलत असे. दादा डेपोत मेकॅनिक होता. चालू इंजिनाशेजारी बोलायची सवय. संगीतात गती नाही. त्यामुळे बुवांचे आयुष्यातील सर्वोत्तम वादन आणि त्यावर हनुवटीच्या अंतरावरून माझा सख्खा भाऊ.

दादाबरोबरची ती शेवटचीच मैफल. पुढच्या हिवाळ्यात दादा गेला. त्या काळी फोनमध्ये आवाज साठत नसे.

ही म्हणाली, वहिनींना नक्की काय हवंय ते एकदा नीट विचारून घ्या. विचारले की भेटीतील गंमत जाते. शिवाय ज्याला कमी ऐकू येते त्याला तर अधिकच स्वच्छ आवाज द्यायला हवा. हे साधे शास्त्र आहे.

२० जानेवारी

काम सुरू. आधी टेप कॉम्प्युटरवर घेतली. प्रत्येक टप्पा जुन्याच फाईलवर सेव्ह करण्याचे ठरवले आहे. कच्ची फाईल बाजूला ठेवली की मन मागे ओढते आणि हात ढिला पडतो. मागे पाहणे नाही.

२७ जानेवारी

टाळ्या गेल्या. खोकले गेले. खुर्चीची करकर गेली. आता दादा.

३ फेब्रुवारी

दादा अवघड आहे.

पद्धत अशी: तो जेथे बोलतो तेथील तुकडा कापायचा आणि तीच सुरावट बुवांनी अन्यत्र वाजवली असेल तर तेथून उचलून या जागी बसवायची. सांधा कळता कामा नये. "अरे वा" सोपे, कारण ते समेवर येते. त्या बाबतीत त्याचा ताल पक्का होता, हे मला आजवर ठाऊक नव्हते. "पाय झोपला रे माझा" दोन दिवसांत निघाले. "तार तुटली वाटतं. नाही, नाही, आहे" हे मात्र बुवा एका स्वरावर स्थिरावले असतानाच. ऐकताना मला हसू आले. हसण्याने कामात खंड पडतो.

१४ फेब्रुवारी

व्यायामाचा संकल्प पुढील महिन्यापासून.

१९ फेब्रुवारी

सर्वांत हट्टी जागा. दुसऱ्या बाजूच्या मध्यावर बुवा इतके हळू येतात की श्वास ऐकू यावा. नेमका तेथे दादा माझ्याकडे झुकून म्हणतो, "पुढच्या वेळी तुझ्या वहिनीला आणू. तिला आवडेल हे." संपूर्ण मैफलीत हळू बोललेले त्याचे हे एकच वाक्य, आणि नेमके तेच काढण्यास सर्वांत कठीण. अशी शांतता दुसरीकडे कोठेच नाही की जी उचलून आणावी. आठवडा जाणार.

२६ फेब्रुवारी

गेले. सांधा मलाही सापडत नाही. हिला बोलावून ऐकवले आणि येथे काय होते ते ओळख म्हटले. ओळखता आले नाही. काय होते ते सांगितले. ही म्हणाली, वहिनींना फोन करा. आजच करा. मी म्हणालो, काम पूर्ण झाल्यावर. ही न जेवता उठली. अलीकडे तिला पित्ताचा त्रास आहे.

२ मार्च

एक जागा मुद्दाम ठेवली आहे. दादाच्या बडबडीवर एकदा मी कुजबुजतो: "शू! दादा, गप्प बस ना." तो गोंगाट नव्हे. रेकॉर्डिंग करणाऱ्याची दक्षता त्यातून दिसते. दस्तऐवज म्हणून तिचे मोल आहे.

५ मार्च

अंतिम टप्पा. वहिनींनी "तीच कॅसेट" असे दोनदा म्हटले होते, तेव्हा स्वच्छ झालेले वादन त्याच मूळ कॅसेटवर उतरवायचे, दुसऱ्या कोणत्याही नव्हे. कॅसेटच्या पाठीवरची छोटी पट्टी मोडली की तिच्यावर पुन्हा रेकॉर्ड होत नाही. मी ती त्या रात्री घरी येताच मोडली होती, कोणाच्या हातून चुकून पुसली जाऊ नये म्हणून. आज त्या भोकावर चिकटपट्टी लावली. बटण दाबले. दोन्ही बाजू व्यवस्थित उतरल्या. लेबलावरचा दादाच्या तेलकट बोटाचा ठसा तसाच ठेवला आहे.

मंडळासही स्वच्छ प्रती रवाना, कडक पत्रकासह. रोज एकेकाला फोन करून नियमाची आठवण देणार.

१७ मार्च

अपूर्व यश. सर्व सभासदांनी जुन्या प्रती पुसल्या. नियमावलीच्या इतिहासात प्रथमच. एक जण म्हणाला की तुमचे फोन थांबावेत म्हणून पुसली. कारण काहीही असो, पालन हे पालन. दंतवैद्यांनी सर्वांत शेवटी, कुरकुरत. त्यांना म्हणे त्या टेपेतला माणूस फार आवडायचा. दवाखान्यात दिवस वाईट गेला की शेवटचा पेशंट गेल्यावर तेथेच त्याच्यासाठी ती लावत. कोण होता हो तो, असे विचारत होते. मी म्हणालो, स्टँड.

२१ मार्च

उद्या वहिनींकडे. शर्ट इस्त्री करून ठेवला. त्या रडतील, याची मनाची तयारी केली आहे. ही येत नाही म्हणाली.

२२ मार्च

वहिनींनी खुर्ची प्लेयरला अगदी चिकटून मांडली होती, डावा कान स्पीकरकडे करून. मी बटण दाबले.

त्या ऐकत होत्या. मधूनच मान वर करून माझ्याकडे पाहत आणि पुन्हा कान लावत. मला वाटले, सांधे शोधत आहेत. बाजू संपली. आवाज आणखी मोठा करता येतो का, असे त्यांनी विचारले. केला. दुसरी बाजू लावली. ती हळुवार जागा आली आणि गेली. मग माझी कुजबुज आली. "शू! दादा, गप्प बस ना."

त्यांनी हात वर केला. टेप मागे घेतली. पुन्हा ऐकली.

"भाऊजी, हे तुम्ही ना?"

हो म्हणालो.

"मग पुढे ते गप्पच बसले?"

काय काय काढले, कसे काढले, हे मी क्रमवार सांगू लागलो. पद्धत नीट सांगितली म्हणजे माणसाला पटते, असा माझा आयुष्यभराचा अनुभव. सांगता सांगता मलाच ऐकू येऊ लागले की मी काय सांगतो आहे.

वहिनी चिडल्या नाहीत. चहा टाकते म्हणाल्या आणि आत गेल्या. चहा आला नाही.

२३ मार्च

फाईल: एकच, शेवटची. कॅसेट: तीच.

सर्वांना फोन केले. जुनी प्रत कोणाकडे चुकून, आळसाने, विसरून राहिली आहे का. सर्वांनी पुसल्याची खात्री दिली. एकाला वाटले मी तपासणी करतो आहे. त्याने शपथ घेतली.

२४ मार्च

दंतवैद्यांकडे स्वतः गेलो. तुम्ही नियम पाळला नसेल, मला माहीत आहे, असे म्हणालो. त्यांनी कपाट उघडून दाखवले. त्या कॅसेटच्या जागी माझी स्वच्छ प्रत. जन्मात एकदा तुमचं ऐकलं, म्हणाले. मग तो माणूस कोण, ते त्यांना सांगितले. ते खाली बसले. पेशंट बाहेर खोळंबला होता, तरी बसून राहिले.

३० मार्च

पुसलेली टेप परत मिळवण्याचा मार्ग आहे का, हे वाचून काढतो आहे. पुष्कळ वाचले. मी भौतिकशास्त्र शिकवत असे. उत्तर पहिल्याच दिवशी माहीत होते.

६ एप्रिल

वहिनी ती एकच जागा लावतात, असे ही सांगत होती. "शू! दादा." एवढेच. पुन्हा मागे. पुन्हा. तसे केल्याने त्या जागी टेप झिजते. सांगायला हवे. सांगितले नाही.

९ एप्रिल

उपाय सापडला.

कापण्यासाठी प्रत्येक जागा मी शेकडो वेळा ऐकली आहे. दादा कोठे काय म्हणाला, कोणत्या सुरात, कोठे श्वास घेतला, हे मला तोंडपाठ आहे. जगात फक्त मलाच. तेव्हा कॅसेट लावायची आणि शेजारी बसून त्या त्या जागी ते ते वाक्य म्हणायचे. तालीम केली. हिने दार लावून घेतले. "अरे वा" समेवर पडते आहे.

मुख्य म्हणजे ते वाक्य. ते मी त्यांना अजून सांगितलेलेच नाही. त्याच्या जागीच म्हणायचे. तेथेच त्याचा खरा अर्थ लागेल.

१२ एप्रिल

वहिनींना आता डावा कान स्पीकरला टेकवला तरच ऐकू येते. मी त्यांच्या शेजारी बसलो, दादा जेथे बसला असता तेथे, आणि कॅसेट लावली.

"अरे वा" म्हणालो. मोठ्याने, त्यांचा कान लक्षात घेऊन. त्या दचकल्या. पाय झोपला. तार तुटली वाटतं. नाही, नाही, आहे. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. दुसरी बाजू. बुवा हळू झाले. मी झुकलो आणि त्याच्यासारखेच हळू, पण त्यांना ऐकू जाईल असे, म्हणालो, "पुढच्या वेळी तुझ्या वहिनीला आणू. तिला आवडेल हे." हे तो खरोखर म्हणाला होता, असेही सांगितले. येथेच, या सुरावर.

वहिनींनी माझ्या हातावर हात ठेवला.

"मला बरं वाटावं म्हणून काहीतरी रचून सांगू नका, भाऊजी. ह्यांनी मला कधी कुठे नेलं नाही." मग पुन्हा कान स्पीकरला लावला. "गप्प बसा ना. ऐकू द्या."

गप्प बसलो.

त्या जागी व्हायोलिन फार सुंदर आहे. मागे कसलाही आवाज नाही.