आईची खिडकी

अकोला, १२ मे

"खिडकी लावू नका, माहा जीव घुसमटते," असं आई शेवटच्या आजारात बाबांना म्हणाली होती. त्याला वर्षं झाली.

बाबांची खोली एसी लावूनही गार होत नाही. आज जाळी धुतली, बाहेरच्या युनिटवरची धूळ झाडली, तरी तेच. मग पडदा सरकवला तर खिडकी सताड उघडी. कालच तर लावली होती मी. कूलरला खिडकी उघडी लागते, बाबांना तीच सवय असेल, असं वाटलं.

"बाबा, एसीला खिडकी बंद लागते."

"मले काय शिकवते कूलर अन् एसी? तुह्या मायले उघडी लागे."

परवाच उन्हानं भोवळ येऊन पडलेत ते. पण त्या खिडकीशी मी कशी भांडू? नाहीच म्हणतील. तरी उद्या अमरावतीला निघताना विचारीन: बाबा, दुपारपुरती तरी खिडकी लावाल?