आमचं घर राहिलं

नंदाखाल,
जपमाळेच्या महिन्याची अखेर

प्रिय व्हिव्हियन,

आज तुला फादर म्हणत नाही. तुझी दीक्षा झाली त्या दिवसापासून आईसुद्धा तुला फादर म्हणायला लागली, पोटच्या पोराला अहोजाहो करायला लागली, आणि तिच्या मागोमाग मीही. पण हे पत्र फादरला लिहायला बसलो तर पहिल्या ओळीतच नमस्कार घालून आटोपतं घेईन. फोन करायचा विचार केला होता, पण फोनवर तू मध्येच आशीर्वाद देऊन मोकळा होतोस आणि माझं बोलणं माझ्या घशात राहतं. आज दुपारी मला जरा मोकळीक मिळाली आहे. ती कशी मिळाली ते पुढे येईलच.

आधी त्या बॅनरविषयी. रविवारी तू इथे प्रवचनं-प्रार्थनांची रिट्रीट घेणार आहेस, तिचं बॅनर चर्चच्या फाटकावर लागलं आहे. वर तुझा फोटो, मध्ये मोठ्या अक्षरांत ‘चिरकाल टिकणारा आनंद’, आणि खाली कोपऱ्यात सुटाबुटातला मी! आमच्या ॲनिशाच्या लग्नातला फोटो शोधून काढला तुम्ही लोकांनी. त्यात माझ्या शेजारी लुर्दीन होती, तिला कापून टाकलं आहे, फक्त तिचा हात माझ्या बाहीवर राहिला आहे. आपला भाऊ आजारी बायकोची सेवा हसतमुखाने करतो, त्याने दहा मिनिटं उभं राहून श्रद्धेने मिळालेल्या आनंदाची साक्ष द्यावी, असं तुझ्या मनात आलं. चुकीचं काही नाही त्यात. तुला मी तसाच दिसतो. दुरून डोंगर साजरे, आणि तू असतोस त्या डहाणूहून नंदाखाल दूरच आहे.

लुर्दीनचं आता कसं आहे ते तुला नीट ठाऊक नाही. नाताळात तू आलास तेव्हा मी तिला आंघोळ घालून, झोपेची गोळी देऊन, नवी साडी नेसवून खुर्चीत बसवली होती. तू डोक्यावर हात ठेवलास, ती गप्प राहिली, तुला वाटलं बरी आहे. रोजची लुर्दीन वेगळी आहे. ती मला चोर समजते. तोंडातली कवळी काढून तांदळाच्या डब्यात लपवते आणि मग मीच ती विकून खाल्ली म्हणून आळीभर ओरडते. तिला अर्नाळ्याला जायचं असतं, बापाची होडी लागली असेल, मासळी निवडायला हात कमी पडतील म्हणून. बाप जाऊन किती वर्षं झाली, तिला कोण सांगणार? मी फाटकाला घंटा बांधली आहे. घंटा वाजली की हातातलं टाकून धावायचं. ॲनिशा मेलबर्नहून व्हिडिओवर येते, ‘ममा, मी कोण सांग’ म्हणते, आणि लुर्दीन मला विचारते, ही बया आपल्या घरात कशी शिरली. मग पोर रडते, मी तिची समजूत घालतो, फोन ठेवतो आणि भांडी घासायला घेतो.

दमलो आहे रे मी. साधं दमणं नाही हे. रात्रीची झोप तर गेलीच, पण चर्चमध्ये मिस्सेला बसल्यावरही कान घरच्या फाटकाकडे असतात. कधी कधी तिला घरात सोडून दार ओढून घेतो आणि मागे केळीत जाऊन बसतो. ती आतून हाका मारते आणि मी ऐकत बसून राहतो. प्रार्थना म्हणशील तर ‘देवा, झोप दे’ एवढी एकच उरली आहे. आणि तरी रस्त्यात कोणी विचारलं, काय प्लासिड, कसं काय, की तोंडातून आपोआप निघतं, ‘आनंदात! देवाची कृपा!’ धर्मशिक्षणाच्या वर्गात इतकी वर्षं मुलांना शिकवलं, ख्रिस्ती माणूस दुःखातही आनंदी असतो. मग मास्तरनेच रडगाणं गायचं? लोकांनी माझं ऐकलं आणि त्यावर विश्वास ठेवला. देवमाणूस म्हणून मला हात जोडले आणि आपापल्या घरी गेले. देवमाणसाच्या घरी चहाला कोणी येत नाही.

आता मुख्य गोष्ट सांगतो. यंदाही या महिन्यात मरियामातेची मूर्ती आळीत फिरत होती. तुला आठवतं ना, मूर्ती आज एका घरी मुक्कामाला, उद्या संध्याकाळी त्या घरच्यांनी मेणबत्त्या घेऊन, गाणी म्हणत ती शेजारच्या घरी पोचवायची. तिथे सगळ्यांनी जपमाळ म्हणायची, मग उकडलेले चणे आणि चहा. आई तीन दिवस आधीपासून टेबलक्लॉथला इस्त्री करायची आणि आपल्याला त्या खोलीत पाऊल टाकू द्यायची नाही. आपल्या घरी मूर्ती येते सॅन्टनच्या घरून, आणि आपण ती मर्विनकडे पोचवतो. विहिरीपासून रस्त्यापर्यंत हा क्रम बापाच्या काळापासून कोणी मोडला नव्हता. आपल्या पाळीच्या दिवशी मी चणे भिजत घातले. निर्मळहून शकू फुलं घेऊन येते, तिच्याकडून दोन हार घेतले. शकू विचारत होती, आज काय विशेष? मी म्हटलं, आज आमच्याकडे पाहुणी यायची आहे. लुर्दीनने ते ऐकलं आणि दिवसभर तिच्या डोक्यात तेच राहिलं, एरवी घास गिळला की जेवण विसरणारी ती! संध्याकाळी मी तिला गाऊन घातला तर तिने तो काढून उलटा घातला, कपाटातून मेणबत्ती शोधून आणली आणि ओट्यावर जाऊन उभी राहिली. मला म्हणते, ‘चायचा पानी ठेव, मानसा येतान.’

माणसं आली. गाणं सॅन्टनच्या अंगणातून निघालं, आपल्या कुंपणाशी आलं, आणि तसंच पुढे गेलं. आधी मला वाटलं, वळसा घालून येतील. मेणबत्त्या मर्विनच्या फाटकाकडे वळल्या तेव्हा उमगलं की आपलं घर वगळलं आहे. वाईट हेतूने नाही, व्हिव्हियन, तेच तर! मला त्रास नको म्हणून. लुर्दीन ओरडेल, माझी धांदल होईल, बिचाऱ्या प्लासिडला कशाला ताप, असं त्यांनी आपसात ठरवलं होतं आणि मला सांगायचंही जिवावर आलं म्हणून सांगितलं नव्हतं. लुर्दीन न पेटवलेली मेणबत्ती धरून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘आपला घर दिसला नाय काय त्यांना?’

माझ्यात काय संचारलं कोण जाणे. लुंगी-बनियनवर, अनवाणी, मी मर्विनच्या फाटकापर्यंत धावलो. मूर्ती सॅन्टनच्या हातात होती. म्हटलं, आमचं घर राहिलं. गाणं थांबलं. सॅन्टन कानकोंडा झाला, म्हणाला, अरे प्लासिड, आम्हाला वाटलं तुला त्रास होईल. मी शांतपणे काहीतरी बोलणार होतो, खरंच. पण आवाज असा चढला की मलाच ओळखू येईना. म्हटलं, त्रास तर आहेच! रोज आहे, रात्रंदिवस आहे, आणि मी मुळीच आनंदात नाही. दमलोय मी, सॅन्टन. एवढं बोलून लहान पोरासारखा रडलो, सगळ्या आळीसमोर, बायकांसमोर. ज्यांना मी धर्मशिक्षण दिलं ती आता बाप्ये झालेली पोरंही तिथेच मेणबत्त्या धरून उभी होती. सॅन्टनने मूर्ती तशीच छातीशी धरून पाठ फिरवली आणि सगळी मिरवणूक उलटी आपल्या घराकडे चालायला लागली.

त्या संध्याकाळची जपमाळ धड झाली असं म्हणणार नाही. प्रत्येक ‘नमो मरिया’च्या मध्ये लुर्दीनचं काहीतरी चालू होतं. जपमाळेचं दुसरं रहस्य म्हणत होतो तेव्हा ती उठली, चण्याचं पातेलं घेऊन आली आणि मूर्तीच्या पायाशी मूठभर चणे ठेवून मातेलाच दटावायला लागली, ‘खा गो, कवाची उपाशी हायस.’ मी शरमेने अर्धा झालो. तेवढ्यात मर्विनची म्हातारी आई खुदकन हसली, मग सॅन्टनची बायको, मग सगळेच. लुर्दीनही हसली. आपल्या घरात कोणी हसलेलं मी कधी ऐकलं होतं, आठवेना. चहा झाल्यावर सॅन्टनच्या बायकोने पदर खोचून भांडी उचलली आणि जाता जाता विचारलं, उद्या दुपारी मी बसू का वहिनीपाशी? माझ्या तोंडात सवयीने ‘नको, नको’ आलं होतं. ते गिळून ‘ये’ म्हणायला मला जे कष्ट पडले, ते तुला सांगून पटणार नाहीत. ज्याचं जळतं त्याला कळतं.

दुसऱ्या दिवशी ती आली आणि मी भर दुपारी आतल्या खोलीत आडवा झालो. झोप लगेच येईना. पडल्या पडल्या क्रूसाच्या वाटेतलं पाचवं स्थान आठवलं. उपवासकाळात दर शुक्रवारी मीच ते वाचतो. कुरेनेकर शिमोन येशूचा क्रूस उचलतो, आणि आपण गुडघे टेकून म्हणतो, प्रभो, आम्हालाही शिमोनासारखं दुसऱ्याचं ओझं उचलायला शिकव. इतकी वर्षं मी शिमोनाकडेच पाहत आलो. त्या दुपारी पहिल्यांदा मनात आलं, येशूने त्याला नको म्हटलं नाही! तो देवाचा पुत्र होता, त्याला जड काय होतं? पण त्याने खांदा मोकळा करून दिला. आणि मी मात्र माझा क्रूस कवटाळून बसलो होतो, कोणी हात लावेल या भीतीने, आणि वर लोकांना ‘आनंदात’ सांगत होतो. तू शिकलेला आहेस, याचा अर्थ तुला वेगळा लागत असेल. मला एवढंच कळलं आणि मग झोप लागली. उठलो तेव्हा दिवेलागण होत आली होती, आणि बाहेर लुर्दीन सॅन्टनच्या बायकोला चोर म्हणत होती. तिची बोलणी खायला माझ्याशिवाय दुसरंही कोणी आहे हे ऐकून, देव क्षमा करो, मला फार बरं वाटलं.

आता थोडंफार असंच चाललं आहे. सॅन्टनची बायको मंगळवारी येते. मर्विन बुधवारी येतो. त्याला काही येत नाही, टीव्ही लावून तिच्याशेजारी बसतो, पण फाटकावर लक्ष ठेवतो. शकूने ऐकलं तर म्हणाली, ‘फुलं विकून झाली की मीपन बसते की शुक्रवारी, त्यात काय!’ तिचं देऊळ वेगळं, आपलं चर्च वेगळं, पण लुर्दीनच्या केसांना तेल लावून वेणी घालून देते ती. आत्ता तीच बाहेर बसली आहे म्हणून हे लिहितो आहे. एक बाई एकदाच आली, लुर्दीन चावली तिला, पुन्हा फिरकली नाही. तिचाही राग नाही. लुर्दीन बरी होणार नाही. मी अजूनही दमलेलाच आहे. हा आनंद चिरकाल टिकेल का, कोणास ठाऊक. पण आधीचा माझा आनंद खोटा होता, तो एकट्याने रेटावा लागायचा. हा इतरांनी आणून दिलेला आहे, म्हणून टिकला तर हाच टिकेल असं वाटतं.

तेव्हा साक्ष द्यायला मी स्टेजवर येणार नाही. बॅनर तसंच राहू दे, छापलेलं फाडायचं कशाला? रविवारी लुर्दीनला घेऊन मागच्या बाकावर बसेन. ती ओरडली तर ओरडू दे, प्रवचन थांबवू नकोस. पण एवढं सांगायला पत्र कशाला हवं होतं, ते फोनवरही झालं असतं. खरं म्हणजे आळीने एकेक वार वाटून घेतला तेव्हा सोमवार उरला होता. सॅन्टन म्हणाला, कोणीतरी बघतो. मी म्हटलं, बघू नकोस, तो मी राखून ठेवला आहे. सोमवारी तुम्हा धर्मगुरूंना सुट्टी असते. तुझी ती सुट्टी मला हवी आहे, व्हिव्हियन, एकच नव्हे, दर सोमवारची. सकाळची मिस्सा आटोपून नीघ. येताना झगा घालू नकोस, खराब होईल. तिला मऊ भात हाताने भरवावा लागतो. ती तुला ओळखणार नाही, शिव्या देईल, कदाचित तोंडातला घास तुझ्या अंगावर थुंकेल. प्रार्थना म्हणायची असेल तर हळू म्हण. मी आतल्या खोलीत असेन, मला उठवू नकोस.

तुझाच थोरला,
प्लासिड