सरकत्या खोलीचं पुस्तक

बाबा,

तुमचा नातू, दादाचा धाकटा, गेल्या आठवड्यात माझ्याकडे एक पुस्तक ठेवून गेला. त्यानं आणि त्याच्या एका मित्रानं वेरूळच्या अलीकडे जागा भाड्यानं घेऊन पर्यटकांना राहायला दोन कॅराव्हॅन आणल्यात. दोन्हींना सरकती खोली आहे. बटण दाबलं की बाजूची अख्खी भिंत पलंगासकट बाहेर येते, गाडी हलवायची झाली की परत आत जाते. तुम्हाला हे सांगायची गरज नाही. तुम्ही तिला 'खण' म्हणायचा, कपाटाच्या खणासारखा खण. पुस्तक त्या खोलीची देखभाल कशी करायची याचं आहे, इंग्रजीत, आणि कामावरच्या माणसांना इंग्रजी येत नाही. "आत्या, तू आयुष्यभर इंग्रजी शिकवलंस, एवढं मराठीत करून दे," म्हणाला. मी हो म्हणाले. चार दिवसांत बत्तीस पानं झाली आणि मग ते पान आलं. तो आज चार वाजता कागद न्यायला येणार आहे. त्याच्या आजोबांची एक गोष्ट आपल्या घरात अठ्ठावीस वर्षं चुकीची सांगितली जाते. ती आज त्याला नीट सांगायची, असं मी ठरवलंय. ते बळ यावं म्हणून आधी तुम्हाला लिहायला बसले.

तुमच्या हॉटेलच्या मालकांनी ती जुनी परदेशी कॅराव्हॅन आणली तेव्हा माझं लग्न होऊन आठ वर्षं झाली होती आणि मी शाळेत कायम झाले होते. तुम्ही गॅरेजचे हेडमिस्त्री. जीप, जनरेटर, पाण्याची मोटर, सगळं तुमच्याकडे. त्यात हे आलं, आणि त्याच्यासोबत ते पिवळ्या पानांचं पुस्तक. तुम्ही ते वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणलंत आणि मला निरोप पाठवलात. मग सहा-सात रविवार आपलं वाचन चाललं. वाचनाच्या आधी तुम्ही मोरीत कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायचा, इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि स्वयंपाकघरात आईच्या चुलीपासून जरा लांब, पाटावर बसायचा. मांडीवर दोनशे पानी वही, कानावर पेन्सिल. पुस्तकाला तुम्ही हात लावत नव्हता. पान मीच उलटायचं. मी एक वाक्य इंग्रजीत वाचते, मराठीत सांगते, तुम्ही ते मोठ्यानं परत म्हणता आणि मगच लिहिता. आई भाकरी थापता थापता म्हणते, "लेकीची शाळा भरली. मास्तरीण, छडी आणली का नाय?" तुम्ही हसत नाही. तुम्ही म्हणता, "मंग? पुढं?"

मला कॉन्व्हेंटमध्ये घातलंत तेव्हा वस्तीतले लोक तुम्हाला हसले होते, हे आईनं मला खूप नंतर सांगितलं. मिस्त्रीची पोरगी, आणि गुडघ्यापर्यंत मोजे. त्या मोज्यांचे, बुटांचे, फीचे ओव्हरटाइम तुम्ही बारा वर्षं केलेत आणि त्याबद्दल कधी बोलला नाहीत. पण त्या रविवारी तुमच्या चेहऱ्यावर जे असायचं ते मला दिसत होतं. घरात इंग्रजी येणारं माणूस आहे, आणि ते तुमचं आहे, एवढंच.

त्या वहीतलं कितीतरी मला अजून पाठ आहे. खोली बाहेर काढण्याआधी गाडी चारी बाजूंनी समतल करा, नाहीतर एक बाजू पुढे जाईल, एक मागे राहील आणि भिंत तिरकी अडकेल. बटण दाबल्यावर मोटर नुसती गुरगुरली तर मोटरला दोष देण्याआधी बॅटरी बघा, तारांची टोकं घासा. खोलीच्या कडेच्या रबराला भेगा पडल्या तर पाणी आत येऊन लाकूड सडतं, म्हणून दर दोन महिन्यांनी रबर पुसा. खालच्या दातेरी पट्टीला ग्रीज लावू नका, यावर तुम्ही अडलात. "लोखंडावर लोखंड फिरतं अन् ग्रीज नाय? असं कुठं असतं का?" मी म्हणाले, पुस्तकात तसं लिहिलंय. तुम्ही तरीही लावलंत. पंधरा दिवसांत वेरूळच्या धुळीनं ग्रीजचा काळा चिखल झाला आणि दाते अडकायला लागले. पुढच्या रविवारी तुम्ही हात धुऊन बसलात आणि आईला म्हणालात, "पुस्तक खरं बोललं. म्या चुकलो. रॉकेलनं समदी पट्टी पुसली." त्या दिवसापासून तुम्ही चाळीस वर्षांच्या हातापेक्षा पुस्तकाला जास्त मानायला लागलात. म्हणजे मला.

शेवटच्या रविवारी मोटर बंद पडली तर काय, हे प्रकरण होतं. मोटरच्या मागे एक खटका असतो. तो ओढला की मोटरचा ब्रेक सुटतो, मग हँडल लावून खोली हातानं फिरवत आत घेता येते. हे सगळं मी नीट वाचलं, तुम्ही नीट लिहिलंत. पान संपलं. पलटलं तर वर जाड अक्षरांत, चौकटीत, इशारा. असे इशारे त्या पुस्तकात दर पानाला होते. मुलांना जवळ येऊ देऊ नका, बोटं सांभाळा, खोली सरकत असताना वाटेत उभे राहू नका. मी म्हणाले, "बाबा, पुढं तेच ते आहे, झालं." तुम्ही विचारलंत, "समदं झालं का?" मी म्हणाले, "हो." पुढे मी स्वतःलाच सांगत आले की घाई होती, घरी पाहुणे होते. पाहुणे नव्हते. मला कंटाळा आला होता, बाबा. तुम्ही प्रत्येक वाक्य परत म्हणायचा, पेन्सिल चाटायचा, जोडाक्षरापाशी थांबायचा, आणि मला वाटत होतं, शाळेत आठवडाभर हेच, इथंही तेच. पुस्तक मी माझ्या घरी नेलं, कारण तुम्हाला ते तुमच्या घरातल्या धुरात ठेवायचं नव्हतं. त्या चौकटीत लिहिलं होतं की खोली आत घेतल्यावर खटका परत जागेवर बसवलाच पाहिजे, नाहीतर गाडी चालू असताना खोली आपोआप बाहेर येऊ शकते.

सीताफळांचे दिवस होते. बॅटरी उतरली, मोटर हलेना, म्हणून तुम्ही वहीप्रमाणे खटका ओढलात, हँडल फिरवून खोली आत घेतलीत, आणि ड्रायव्हर जीपला कॅराव्हॅन जोडून शहराकडे निघाला. तुम्ही त्याच्या शेजारी बसला होता. दौलताबादच्या घाटात उजव्या वळणावर खोली डावीकडे सुटली. रस्त्याच्या कडेला पाट्यांमध्ये सीताफळं मांडून बसलेली एक बाई होती. तुम्हाला आधी आवाजच कळला नाही, असं तुम्ही आईला सांगितलंत. तुम्हाला वाटलं टायर फुटला. बाई दोन दिवस सरकारी दवाखान्यात होती, मग गेली.

ती गेली त्या संध्याकाळी मी तुमच्याकडे आले होते. त्याआधी, सकाळीच, मी माझ्या घरी ते पुस्तक उघडून पाहिलं होतं. मला ती चौकट सापडली होती. तुम्ही बाहेरच्या खोलीत कॉटवर बसलेले, वही मांडीवर. वहीतलं एकेक वाक्य बोटानं वाचत होता. मला बघून म्हणालात, "त्या खटक्याचं पुढं काही होतं का गं पुस्तकात? ओढायचं हाये इथं. परत बसवायचं दिसत नाय कुठं." तुमचा आवाज चढलेला नव्हता. खरंच विचारत होता, जसं रविवारी विचारायचा. मी म्हणाले, "नाही बाबा." तुम्ही माझ्याकडे जरा वेळ बघितलंत. मग म्हणालात, "बरं," आणि वही मिटलीत. आई म्हणाली, "दोन घास खा," आणि तुम्ही उठून हात धुतलेत.

दुसऱ्या दिवशी मालकांनी तुम्हाला पुस्तक घेऊन यायला सांगितलं. मी ते घेऊन आले. ऑफिसात मालक, पोलीस ठाण्यातला एक जमादार, तुम्ही भिंतीशी उभे, आणि दाराशी मी. मालक वाईट माणूस नव्हते, पण घाबरलेले होते. ते पानं उलटत गेले आणि थांबले. बोट ठेवून जमादाराला दाखवलं आणि तुम्हाला म्हणाले, "मिस्त्री, इधर तो साफ लिखा है. खटका वापस लगाना है. तुमको बताया नहीं किसी ने? पढ़ा किसने था ये?" मी दाराची चौकट धरून उभी होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणालात, "पोरीनं वाचून दाखवलं होतं, साहेब. शब्दन् शब्द. माह्याच ध्यानातून गेलं." जमादार म्हणाला, "वही कुठंय मग? वहीत लिहिलं असन ना." तुम्ही म्हणालात, "वही हरवली."

वही हरवली नव्हती. तुम्ही ती त्याच सकाळी बंबात घातली होती. आईनं मला हे तुमच्या मागे सांगितलं, आणि तिला कारण माहीत नव्हतं. ती म्हणाली, "लई जपलेली वही, काऊन जाळली काय माहीत. डोकं ठिकाणावर नव्हतं त्यांचं." मी तिलाही काही सांगितलं नाही. तीही गेली आता.

त्या ऑफिसात तुम्ही तसं बोललात तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं, ते लिहायला मला एवढी वर्षं लागली. मला बरं वाटलं. छातीवरचं ओझं उतरावं तसं. लाज नंतर आली, बसस्टॉपवर, आणि आल्यावर गेली नाही. पण आधी बरं वाटलं.

मग जे झालं ते तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिते. तुमच्यावर गुन्हा दाखल झाला, हॉटेलनं काढून टाकलं. एकोणसाठाव्या वर्षी तुम्ही दुसऱ्यांच्या गॅरेजमध्ये काम मागत फिरलात, आणि सगळीकडे तुमच्या आधी ती गोष्ट पोहोचलेली असायची. खटका विसरलेला मिस्त्री. विहारात तुम्ही पुढच्या सतरंजीवरून उठून मागे दाराशी बसायला लागलात. तारखेला कोर्टात जाताना तोच इस्त्रीचा शर्ट घालायचा. एकदा तुम्ही त्या बाईच्या घरीही गेला होता, एकटे. नवऱ्यानं विचारलं, "तुमीच का ते?" तुम्ही हो म्हणालात. तो म्हणाला, "बसा. पाणी घ्या." तुम्ही आईला सांगितलंत की ते पाणी घशाखाली उतरत नव्हतं, पण परत कसं करायचं, म्हणून प्यालो. निकाल लागायच्या आधीच तुम्ही गेलात. साडेतीन वर्षांत एकदाही, घरी एकटे असताना, भांडणात, शेवटच्या तापात, तुम्ही मला ते पान विचारलं नाहीत. एकदाच, मी डबा घेऊन आले तेव्हा, म्हणालात, "शाळेत पोरांना मोठ्यानं वाचायला लावते ना? लाव. सगळं वाचायला लाव." मी मान हलवली. त्यात मला बोल होता की नव्हता, हे मला आजही कळत नाही. मी पुढची पंचवीस वर्षं वर्गात धड्याखालच्या टिपासुद्धा वाचून घेतल्या. मुलं मला त्यावरून चिडवायची.

आता या पुस्तकाबद्दल. खटका आता वेगळ्या जागी असतो, चौकट तशीच आहे. मी ती अगदी साध्या मराठीत केली आणि सगळ्यात वर ठेवली, पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरांत. हातानं खोली आत घेतली असेल तर खटका परत बसवल्याशिवाय गाडी हलवू नका. बसवला की नाही ते दुसऱ्या माणसानं हात लावून बघा. दुसऱ्या माणसाचं मूळ पुस्तकात नाही. ते मी घातलं. पावणेचार वाजले आहेत. फाटक वाजलं की उठेन.

तो येऊन गेला. आता साडेपाच होत आहेत. पंख्याखाली बसून त्यानं कागद चाळले आणि म्हणाला, "आत्या, हे सावधान-बिवधान एवढं कशाला? सगळ्या गाड्यांना तेच असतं. कामाचं तेवढं ठेवू ना." मी म्हणाले, हे पहिलं पान काढायचं असेल तर सगळेच कागद इथं ठेवून जा. माझा आवाज त्यानं असा कधी ऐकला नसेल. त्यानं परत ते पान वाचलं, आणि या वेळी नीट वाचलं. मग मान डोलवत म्हणाला, "बरोबर आहे तुझं. आपल्या घरात तर हे ठाऊक पाहिजे. आजोबांसारखं कुणी विसरायला नको." ते तो प्रेमानंच म्हणाला, बाबा. तुमचा फोटो त्याच्या ऑफिसात आहे. मी त्याच्यासमोर बसले होते. घरात दुसरं कुणी नव्हतं, तो माझ्याकडेच बघत होता, आणि वाक्य माझं तयार होतं, सकाळपासून घोकलेलं. ते विसरले नव्हते, मी वाचलं नव्हतं. एवढंच म्हणायचं होतं.

मी त्याला विचारलं, चहात साखर किती घालू.