समुद्राकडची खोली

३ मे
रजा मंजूर! लॅबमध्ये आधी मुलंबाळंवाल्यांच्या रजा, मग उरल्यासुरल्या दिवसांत आमच्यासारख्यांच्या, असा अलिखित नियम आहे. यंदा साहेबांसमोर ठाण मांडून तो मोडला. समुद्राकडची खोली बुक केली. मी एकटी. आता ब्रह्मदेव आला तरी बदल नाही.

५ मे
दादाचा फोन. त्याच आठवड्यात त्यांनाही फिरायला जायचंय, तर आईला माझ्याकडे ठेवू का? स्पष्ट नकार दिला. म्हणजे ‘बघते’ म्हटलं. सख्ख्या भावाला एवढं कळतं.

८ मे, संध्याकाळ
कळलेलं नाही. वहिनी थँक्यू म्हणायला आली. माझं बुकिंग आहे म्हटल्यावर हसली. ‘‘एकटीच? तुझं काय गं, सडाफटिंग. कधीही जाशील. आम्हाला पोरांच्या सुट्ट्या बघाव्या लागतात.’’
यावर असं सणसणीत उत्तर दिलं! ती लिफ्टमध्ये शिरल्यावर दिलं, पण दिलं.

११ मे
दादाला कुठेच खोली मिळेना. शेवटी माझीच देऊन टाकली. कोणी मागितली नव्हती. दादा फोनवर नुसता गप्प होता आणि वहिनी मागून ‘तिला विचार ना’ म्हणत होती. पोरांसाठी जास्तीच्या गाद्या लागतील, हेही हॉटेलला मीच कळवलं. मन मोठं असावं लागतं.
रजा मात्र घेणारच. सकाळी पोहायला, दुपारी वाचन.

१५ मे
आई आली. दादाने तिची बॅग दारात ठेवली आणि पळाला, खाली गाडी चालूच होती. आईचा गुडघा सुजलाय. पोहणं उद्यापासून.

१७ मे
वहिनीने गॅलरीतून समुद्राचा फोटो पाठवला. खाली ‘तू असायला हवी होतीस.’ मी अंगठा पाठवला. मग दिवसभर जळफळाट. आईवर ओरडले. तिची काही चूक नव्हती.
पुढच्या वर्षी कुणाला पत्ताच लागू द्यायचा नाही.

१९ मे
आईला अंघोळ घातली, केस विंचरले. खुशीत होती. माझा हात धरून म्हणाली, ‘‘देवाने बरंच केलं बाई, तुझं लग्न जमू दिलं नाही. नाहीतर माझं कोणी केलं असतं?’’
अगदी मायेने म्हणाली. मीही हो म्हटलं आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडले. बाहेर आले तर आई विचारते, दादाचा फोन आला का? तिकडे पोरांना सांभाळून दमला असेल बिचारा.