तांब्याच्या पत्र्यावरची आई

प्रिय आई,

उद्या सकाळी तुला छापायचंय, म्हणून आज लिहायला बसले. हसू नकोस! तुझ्या एचिंगच्या, म्हणजे तांब्यावर ॲसिडनं चित्र कोरायच्या, क्लासला आता फियोना नावाची नवी शिक्षिका आलीय. कपाट आवरताना तिला तुझा एक तांब्याचा पत्रा सापडला. चेहरा कोरलेला, पण कधीच न छापलेला. मागे तुझं नाव होतं, म्हणून तिनं घरी फोन केला. तुझाच चेहरा आहे तो.

पुढच्या आठवड्यात तुझं वर्षश्राद्ध, आणि भिंतीवर लावायला तुझा एक धड फोटो नाही गं घरात. सगळ्या अल्बममध्ये तुझा अंबाडा तेवढा आहे! माझ्या ग्रॅज्युएशनलाही "मी काढते, तुम्ही उभे राहा" म्हणून कॅमेरा हातात घेतलास आणि सुटलीस. लहानपणी देवी आल्या, गालांवर व्रण राहिले, एवढंच ना कारण? शाळेतल्या एका मुलीनं विचारेपर्यंत मला ते कधी दिसलेही नव्हते.

शनिवारी बाबा हॉस्पिटलात ऑन-कॉल असले की तू मला म्युझियमच्या त्या मागच्या खोलीत न्यायचीस. हात धुवून बसायचं, मग तिथली बाई खोका आणून ठेवायची. दोनशे वर्षांपूर्वीच्या फ्रेंच बायका, तांब्यावर कोरून छापलेल्या. डोक्यावर केसांचा हा एवढा डोलारा, गळ्याला रिबीन, भोवती लंबगोल चौकट. मला जाम कंटाळा यायचा. तू मात्र भिंग घेऊन एकेकीचा गाल बघत बसायचीस.

"मने, त्या काळात देवी घरोघर यायच्या. मग एकीच्याही गालावर खड्डा नाही तो कसा?"

"आई, आर्टिस्ट लोक बरोबर फ्लॅटर करतात."

"घासून काढले असणार मेल्यांनी," म्हणालीस आणि पुढची उचललीस.

मग क्लास लावलास. पहिला पत्रा आजीच्या फोटोवरून केलास. छापताना सगळं उलटं येतं हे विसरलीस आणि आजीचा पदर आला उजव्या खांद्यावर. "अगं बाई, माझ्या आईची गुजरातीण झाली!" फोनवर हसून हसून तुला बोलता येईना.

आणि हा दुसरा पत्रा? आरशात बघून केलास ना? मला का नाही सांगितलंस? मी सुट्टीला रीडिंग शहरातून घरी यायची, तू थालीपीठं लावायचीस, जगभरच्या गप्पा मारायचीस, आणि याबद्दल एक अक्षर नाही! राग येतो मला तुझा. फार राग येतो.

फियोना म्हणाली, काम सुरेख आहे, फक्त गालांवर ॲसिडनं नको तिथे ठिपके खाल्लेत, घासून पॉलिश करता येतील. तिनं तुला पाहिलंच नव्हतं, तिला कसं कळणार? मी पत्रा घरी आणला आणि भिंग लावून पाहिलं. ॲसिडनं चुकून खाल्लेले नव्हते गं ते. एकेक ठिपका सुईनं नेमका टेकवलेला होता, भुवईखालचा बारकासुद्धा.

बाबांना सांगितलं, तर पत्रा न बघताच म्हणाले, "करू दे त्या फियोनाला पॉलिश. ऑल हर लाइफ शी हेटेड देम. भिंतीवर तरी तिला ते नकोत."

तुझ्यावरच्या मायेनंच बोलत होते ते. पण मग तू इतक्या मेहनतीनं ते का कोरलेस? आणि हे विचारायला तूच नाहीस.

आज दुपारी बाबांनी पत्रा खिडकीपाशी नेला. चष्मा सापडत नव्हता, म्हणून नुसतं बोट फिरवून बघत होते. गालापाशी बोट थांबलं. बराच वेळ तिथेच राहिलं.

"तिला ताप आला की मी असाच गालाला हात लावून बघायचो," म्हणाले, आणि टेबलावर डोकं टेकून रडायला लागले. आई, बाबांना असं रडताना मी कधीच पाहिलं नव्हतं. काय करावं कळेना, म्हणून चहा टाकला.

चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "मनू, सांग फियोनाला. एकही ठिपका घासायचा नाही."

फियोनानं मला छापायची रीत दाखवलीय. गुळगुळीत तांब्यावर शाई थांबत नाही, फडक्यानं पुसली की जाते. खड्ड्यात राहते तेवढीच कागदावर उतरते. उद्या पत्रा मीच पुसणार आहे, हलक्या हातानं. वचन देते आई, तुझ्या गालांवरची शाई कुणालाही पुसू देणार नाही.

तुझी,
मनू