एकेरी शब्बू

तेहरान, १२ मेहर १३५१

चि. मेहरंगीज हिस खालाचे अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तुझे पत्र मंगळवारी हाती आले. अक्षर नेहमीप्रमाणे छापल्यासारखे आहे. मजकूर मात्र नेहमीप्रमाणे अर्धाच. जेवतेस काय, ते कुठेही लिहिलेले नाही. परीक्षेत पहिली येणाऱ्या मुलीलाही भात शिजवावा लागतो.

येथे सर्व ठीक. गुडघ्यांचे डॉक्टर जिने चढू नका म्हणतात आणि लेकाचे, फर्रुखचे, घर तिसऱ्या मजल्यावर. तेव्हा मी एकदा चढून आले ती आलेच. आता मूळ बातमी. उन्हाळ्यात शिराझचे घर विकायचे, असे फर्रुखने ठरवले आहे. मी हो म्हटले. तू तोवर तिथेच राहा. पुढचे वर्ष तुला वसतिगृहात काढावे लागेल. यावर रडकी पत्रे लिहू नयेस.

गालिचे आणि भांडी फर्रुख घेऊन येईल. मला त्या घरातून एकच गोष्ट हवी, ती म्हणजे शब्बूचे बी. माझ्या आईने काझरूनहून सासरी येताना रुमालाच्या गाठीत आणलेले ते वाण आमच्या अंगणात एका वर्षाचाही खंड न पडता फुलत आले आहे. नवरोजला फुले येतील, उन्हाळ्याच्या तोंडाशी शेंगा पिकतील, तेव्हा बी काढून मला पाठव. येथे सज्ज्यात चार कुंड्या मावतात. तेवढ्या मला पुरतील.

निघण्यापूर्वी मी पेरलेल्या परातींतली रोपे आता चार पानांवर आली असतील. त्यांतली फिकट पानांची निवडून गल्लीतल्या सहा घरांना दरसालप्रमाणे सात-सात दे. पहिली परात तूबाखानमची. भिंतीला भिंत आहे, रुसवा लवकर येतो. फिकट उरतील ती हौदाभोवती लाव. गडद हिरवी स्वयंपाकघरामागच्या वाफ्यात. दारापाशी गुलखैरा आहे, त्याला यंदा नुसती पानेच येतील. आळशी समजून त्याला उपटू नकोस. तो दुसऱ्या वर्षी फुलतो.

प्रकृतीस जप. पत्र लवकर येऊ दे, एवढेच मागणे.

तुझी खाला,
इफ्फत

~

शिराझ, ३ आबान

ती. खाला यांच्या सेवेशी मेहरंगीजचा सादर सलाम, वि. वि.

आपल्या आज्ञेप्रमाणे रडकी वाक्ये दोन होती, ती खोडून हे पत्र पुन्हा स्वच्छ लिहीत आहे. भात शिजवते. कधीकधी तो खाण्याजोगाही होतो.

सहाही घरी रोपे पोचवली. कोणाच्या दारात उभे राहून बोलणे मला किती जड जाते, हे आपण जाणता; तरी प्रत्येक घरी एक-एक पेला चहा घेऊन आले. तूबाखानमनी परात हातात घेतली, रोपे मोजली आणि म्हणाल्या की तुझी खाला मोठ्या मनाची खरी, पण लेकीला रोज जेवू घालणार आणि चूल कशी पेटवायची ते सांगणार नाही, अशातली आहे. त्या दरवर्षी आपल्या फुलांचे बी धरण्याचा प्रयत्न करतात, पण हाती नुसता भुसा येतो. माझ्याच हाताला गुण नाही, आमच्या सासूबाई हे सांगतच मेल्या, असे म्हणून त्या हसल्या. मलाही हसावे लागले.

आता एक आनंदाची गोष्ट. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मला बागकामाचे एक जाडजूड पुस्तक मिळाले. त्यात शब्बूवर अख्खे प्रकरण आहे. फिकट पानांच्या रोपांना भरगच्च दुहेरी फुले येतात आणि गडद पानांच्यांना चारच पाकळ्यांची, मोहरीच्या फुलासारखी एकेरी; म्हणून जाणकार माळी गडद रोपे लहानपणीच उपटून टाकतो, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. आपण हेच पुस्तकाविना ओळखता, याचे मला फार कौतुक वाटले. मात्र त्या साध्या रोपांचा आपल्याला लळा असावा, म्हणून आपण त्यांना मागच्या वाफ्यात आसरा देता, असे मी समजले. या घरातला हा शेवटचा नवरोज. तो सर्वांगसुंदर व्हावा, म्हणून मी गडद रोपे खतखड्ड्यात टाकली आणि पुढचे-मागचे दोन्ही वाफे निव्वळ फिकट रोपांनी भरले. उत्तम फुलांचे बीही उत्तमच निघेल. गुडघे मानतील तर आपण नवरोजला अवश्य यावे.

माझ्यावरची माया अशीच राहू द्यावी, ही विनंती.

आपली,
मेहरंगीज

~

तेहरान, १० आबान

चि. मेहरंगीज हिस आशीर्वाद, वि. वि.

दुहेरी शब्बूला बी धरत नाही. त्याचे सगळे पाकळ्यांतच खर्ची पडते. बी देते ते एकेरी फूल. त्या एकेरीच्याच बियांतून अर्धी रोपे दुहेरी निघतात, अर्धी एकेरी. माझ्या मागच्या वाफ्यात जे होते, तेच माझे वाण होते.

पुस्तकाने तुला ते सांगितले नाही, कारण माळी बाजारातून दरसाल नवे बी आणतो. मी तुला सांगितले नाही, कारण आईने मला लग्नाच्या दिवशी हे कानात सांगितले आणि कोणापाशी बोलायचे नाही, असे वचन घेतले. पत्रात लिहायलाही हात धजला नाही. आज लिहिले.

खड्ड्यात जाऊन बघ. एखादे रोप तग धरून असेल तर काढ. जुने बी माझ्याजवळ चिमूटभरही नाही. मी सगळे पेरून आले. दुसऱ्या कोणाकडे असण्याची सोयच नाही. पाहुण्याला पहिला घास आणि शेजाऱ्याला फुलांतले पहिले फूल द्यावे, हे आपले रीतीचे बोलणे. त्या रीतीने मी सगळ्यांना फिकटच रोपे दिली, आणि त्या रीतीच्या आड माझे गुपितही सुखरूप राहिले.

आता एकच वाट आहे. पानांवरून केलेली निवड क्वचित चुकते. नवरोजच्या आधी, एस्फंदमध्ये कळ्या उमलल्या की आधी आपले अंगण, मग ती सहा घरे नजरेखालून घाल. कुठे एकेरी फूल दिसले तर मला कळव. कारण कोणाला सांगू नयेस.

तुला रागे भरत नाही. रागे भरायला पुढे पुष्कळ दिवस आहेत. जेवत जा.

खाला

~

शिराझ, २० एस्फंद

ती. खाला यांस मेहरंगीजचा सादर सलाम, वि. वि.

खड्ड्यातल्या रोपांविषयी आपणांस त्या वेळी कळवलेच होते. पावसाने त्यांचा चिखल झाला होता. आता पुढचे.

हौदाभोवती आणि मागे मिळून चोपन्न झाडे फुलली आहेत. संध्याकाळी अंगणात पाऊल ठेवले की लवंगेसारखा वास श्वास अडवतो. चोपन्नच्या चोपन्न दुहेरी आहेत. माझी निवड इतकी बिनचूक ठरावी, याचे आयुष्यात प्रथमच वाईट वाटले.

मग दारे ठोठावली. एका घरी चाळणी मागितली, दुसऱ्या घरी ती परत करायची म्हणून चुकून गेले, तिसऱ्या घरी आजीबाईंच्या खोकल्याची चौकशी केली. चौथ्या घरी काहीच सुचेना, तेव्हा नवरोजच्या माशाला किती मीठ लावायचे ते विचारले आणि अर्धा तास ऐकत बसले. पाच घरे झाली. पस्तीस झाडे, सगळी दुहेरी. गल्लीत आता अशी वदंता आहे की इफ्फतखानमची भाची लग्नाला तयार झाली असून संसाराची माहिती गोळा करते आहे.

तूबाखानमकडे मी सर्वांत शेवटी गेले, कारण त्या पंधरा दिवस माझ्याशी बोलत नव्हत्या. कारण त्यांच्या अंगणात पाय ठेवताच समजले. सहा झाडे दुहेरी होती आणि सातवे एकेरी. जांभळ्या रंगाचे, चार पाकळ्यांचे. मी तिथेच खाली बसले. त्यांना वाटले, मी ओशाळले. म्हणाल्या की गल्लीला गुलाबपाणी आणि भिंतीशेजारणीला ताक, हा कुठला न्याय? नवरोजला व्याही येणार, त्यांच्या समोर ही मोहरी कशाला. उद्या झाडलोट आहे, तेव्हा हिलाही उपटते. बोलता बोलता त्यांनी देठाला हात घातला.

खाला, मला खोटे बोलता आले असते. एक वाक्य मी जुळवूनही आणले होते, की हे झाड मला फार आवडले, ते मला द्यावे. पण आवाज फुटला तेव्हा तोंडातून भलतेच आले. मी म्हटले की ते उपटू नका, बी फक्त त्यालाच येते. मग त्यांनी प्रश्न विचारले आणि मी सगळे सांगितले.

देठावरचा हात त्यांनी काढून घेतला. मग त्यांनी दोनदा विचारले की म्हणजे दुहेरीला कोणाच्याच हाताने बी येत नाही का. मी नाही म्हटले. त्या म्हणाल्या की नव्याने लग्न होऊन आले तेव्हापासून मी भुसा पेरते आहे. सासूबाई बायकांच्या बैठकीत सांगायच्या, हिच्या हातून दाणा रुजत नाही, हिला सुनेच्या बाळंतपणात दाराबाहेरच ठेवा. आणि ठेवलेही, मोठ्या नातवाच्या वेळी. एवढे सांगून त्या चहाचे पेले विसळायला आत गेल्या. मला त्यांनी चहा दिला नाही.

झाड अजून उभे आहे. ते मागण्याचे धैर्य मला झाले नाही. आपले वचन मी मोडले. क्षमा मागण्याइतकीही माझी योग्यता नाही. तरी पत्राची वाट पाहते.

आपली,
मेहरंगीज

~

तेहरान, २६ एस्फंद

चि. मेहरंगीज हिस अनेक आशीर्वाद, वि. वि.

वचन माझे होते, तुझे नव्हते. मोडले असेल तर ते माझे मोडले. सोबत तूबाखानमसाठी चिठ्ठी आहे. त्यांना वाचता येत नाही, तेव्हा तू वाचून दाखव. एकही शब्द गोड करू नकोस. नवरोज मुबारक. सूनबाईने सज्जा धुऊन चार कुंड्या मांडल्या आहेत. मी तिला थांब म्हटले.

खाला

(सोबतची चिठ्ठी)

शेजारधर्मात वडील बहिणीसारख्या तूबाखानम यांस इफ्फतचा सलाम, वि. वि.

मुलीने तुम्हांला सांगितले ते खरे आहे. मला ते पहिल्यापासून ठाऊक होते. तुमच्या सासूबाई तुमच्या हाताविषयी बोलल्या, तेव्हा मी त्या बैठकीत होते. माझ्या हातात चहा होता. एक वाक्य बोलले असते तर पुरे होते. मी साखरेचा खडा तोंडात धरून गप्प बसले. आईचे वचन, असे मनाला सांगितले. खरे तर दर शरदात गल्लीने माझ्या परातीची वाट पाहावी, हे मला आवडत होते.

ते झाड तुमचे आहे. बी तुमचे आहे. शेंगा पिवळ्या पडून कडक होऊ द्या, हिरव्या असताना खुडू नका, सावलीत वाळवा, उन्हाळा सरताना, शहरीवरच्या मध्यावर पेरा. फिकट रोपे पुढच्या अंगणात लावा आणि गडद मागे, एकही न टाकता.

माझ्याकडे आता काही नाही. तुमच्या मनात आले तर मला चिमूटभर बी द्यावे. नाही आले तर मी समजेन.

तुमची,
इफ्फत

~

शिराझ, ९ फरवर्दीन १३५२

ती. खाला यांस मेहरंगीजचा सादर सलाम, नववर्षाच्या शुभेच्छा, वि. वि.

चिठ्ठी पोचली, वाचून दाखवली. व्याही येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, तूबाखानम पालक निवडत असताना. शब्द गोड केले नाहीत. साखरेच्या खड्यापाशी त्यांचे हात थांबले. पुन्हा वाच म्हणाल्या. मी तेवढाच भाग पुन्हा वाचला. मग त्या उठल्या आणि मला ते झाड दाखवायला घेऊन गेल्या. त्याच्या खालच्या फुलांच्या जागी सुईसारख्या शेंगा आल्या आहेत. मांजराने तोडू नये म्हणून त्यांनी भोवती काटक्या रोवल्या आहेत. व्याह्यांनी विचारले, हे साधे फूल इतके जपून का. तर यांनी सांगितले की ते तुम्हांला कळायचे नाही.

त्यांचा निरोप त्यांच्याच शब्दांत लिहिते, कारण तसेच लिही असे त्यांनी मला बजावले आहे. इफ्फतला कळव की बी मी कोणालाही देणार नाही, तिलाही नाही. यंदाचे सगळे मी पेरणार, माझ्या या हाताने, आणि अंगणात शेजारणी बसलेल्या असताना. त्यांनी रुजताना बघायला हवे. रोपे चार पानांची झाली की मग तिने स्वतः येऊन न्यावीत, गडद धरून. घर विकले म्हणून सबब सांगू नये; आमच्याकडे खालच्या मजल्यावर खोली आहे, तिला जिना नाही. आणि येईल तेव्हा सासूबाईंच्या त्या बैठकीतल्या ज्या दोघी-तिघी अजून हयात आहेत, त्यांना मी चहाला बोलावीन. ते एक वाक्य तिने त्यांच्यासमोर बोलावे.

एवढे सांगून त्यांनी मला चहा दिला. गाडीची वेळ आणि तिकिटाची चौकशी मी उद्याच करून ठेवते. रोपे चार पानांवर येतील तेव्हा, शरदात, मेहरच्या पहिल्या आठवड्यात आपल्याला सोयीचे होईल का, तेवढे कृपा करून उलट टपाली कळवावे.

आपली,
मेहरंगीज