नऊ बायका रजेवर

निपाणी
मंगळवार, दि. १० एप्रिल १९८४

ती. आक्कास,

सिद्रामचा सविनय जयभीम. दाजींनाही सांग.

आज आठाला वखार उघडली, हजेरी घेतली. दोनशे बारा बायका कामावर, नऊ रजेवर. दुपारी तासभर वीज नव्हती. नवीन यंत्र बंद पडलं आणि बायका पूर्वीसारख्या चाळण्या घेऊन तंबाखू चाळायला बसल्या. सहाला भोंगा झाला. घरी येऊन दोन भाकरी टाकल्या. कालचं पिठलं होतं.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. उत्तराला तीन दिवस लागले, राग मानू नकोस. यशीचा दात पडला आणि तो कौलावर टाकायला दाजींना शिडी लावावी लागली, हे वाचून बरं वाटलं.

दाजींनी बेळगावात ऐकलं ते खरं आहे. यंत्र आल्यामुळे कंपनीला एवढी माणसं नको आहेत. कुणाला काढणार नाहीत, पण जे आपण होऊन काम सोडतील त्यांना नोकरीच्या वर्षांप्रमाणे एकरकमी पैसे मिळतील. तीस एप्रिलच्या आत सही करायची. बायकांना आहे तसं आम्हा कारकुनांनाही आहे. माझ्या मस्टरवरून नावं उतरवून हेड ऑफिसनं प्रत्येकीच्या नावाची नोटीस पाठवली, आणि ती वाटायचं कामही माझ्याकडेच आलं. एक सोडून सगळ्या वाटल्या. ती एक खणात आहे, तिचं बघतो.

मालुबाईला तू ओळखतेस, शेवंताच्या शेजारी बसायची ती. तिला नोटीस वाचून दाखवली, तर म्हणाली, "राजीखुशीनं म्हंजे काय वो? राजी मालक, खुशी मालक, आन् अंगठा तेवढा माझा व्हय?" सगळ्या हसल्या. मलाही हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

आता तू लिहिलंस त्याबद्दल. "सही कर, पैसं घे, हिकडं पिरनवाडीला ये. घराला लागून दुकान काढ. पोरीच्या म्होरं ऱ्हा. नोकरी नोकरी म्हणून किती दिस सांगणार?" असं तू लिहितेस. जूनमध्ये तिला पहिलीत घालायचं आहे. तोवर माझ्याकडून काही कळलं नाही तर तिथल्याच शाळेत नाव घालणार, आणि मग मधेच काढून नेऊ देणार नाही, हेही लिहितेस. तुझं बरोबर आहे.

आठ ते सहा मी वखारीत, मग यशीला कोण बघणार, असं मी ऑगस्टपासून सांगत आलो. सही केली तर ते कारण राहत नाही. सही करावी असं वाटतं. वीस तारखेपर्यंत नक्की कळवतो.

जयंतीला यशीला घेऊन येणार म्हणतेस, पण या खेपेला येऊ नका. वखारीत या नोटिशींचा घोळ आहे, मला सुटी मिळेल असं दिसत नाही. तिच्यासाठी निळा फ्रॉक घेतला आहे, तो पार्सलनं पाठवतो.

तुझा धाकटा भाऊ,
सिद्राम


निपाणी
रविवार, दि. २९ एप्रिल १९८४

ती. आक्कास,

सविनय जयभीम.

सकाळी कपडे धुतले. पाणी उशिरा आलं, म्हणून दोन घागरीच भरल्या. बाजारातून तांदूळ आणि मीठ आणलं. दुपारी जरा पडलो, झोप लागली नाही. म्हणून लिहायला बसलो.

उद्या शेवटची तारीख. वीसला कळवतो म्हणालो होतो, कळवलं नाही. तुझी दोन कार्डं आली, त्यांनाही उत्तर दिलं नाही. जयंतीला सुटी मिळणार नाही असं मी लिहिलं होतं. सुटी होती. मी दिवसभर घरातच होतो. मिरवणूक दारावरून गेली, तेव्हा कडी लावून बसलो.

मागच्या पत्रात नऊ बायका रजेवर असं लिहिलं. आठ होत्या. नववी शेवंता.

वखारीत कुणी वारलं की त्या नावावर तांबड्या शाईनं रेघ मारायची असते. ते माझंच काम. ऑगस्टात ते झालं नाही. पहिल्या दिवशी तिच्या नावापुढे 'रजा' लिहिलं, दुसऱ्या दिवशीही लिहिलं. बिनपगारी रजा, एक पैसा लावलेला नाही. पण हजेरी आमच्याकडे मोठ्यानं पुकारतात. जी आली नसेल तिच्या शेजारची उत्तर देते. मी रोज सकाळी "शेवंताबाई सिद्राम" असं पुकारतो आणि मालुबाई "रजा" म्हणते. आठ महिने. दोनशे बायका ऐकत असतात. कुणी हसलं नाही, कुणी वर सांगितलं नाही. तिच्या जागेवर कुणी बसलंही नाही.

पण हेड ऑफिसनं नोटिसा काढल्या त्या मस्टरवरून. त्यांनी शेवंतालाही नोटीस पाठवली. आपण राजीखुशीनं काम सोडण्यास तयार असल्यास खाली सही करावी. तीच माझ्या खणात होती.

शुक्रवारी हरिभाऊंनी, म्हणजे आमच्या हेडक्लार्कनी, बोलावलं. म्हणाले, "सिद्राम, एका नोटिशीची पोच नाही आली. कुणाची?" मी पाकीट पुढे ठेवलं. त्यांनी नाव वाचलं, चष्मा काढून पुसला, मग मस्टर मागवलं. ऑगस्टपासून एकेक पान उलटत एप्रिलपर्यंत आले. मी समोर उभा होतो. वाटलं, आता नोकरी गेली, सहीचाही प्रश्न मिटला. ते एवढंच म्हणाले, "सोमवारी साहेब मस्टर बघणार आहेत. त्याआधी रेघ मारायला हवी. तुम्हाला जमणार नसेल तर मी मारतो." मी म्हणालो, "नको. मी मारतो."

आक्का, तुला एक सांगितलेलं नाही. कुणालाच सांगितलेलं नाही.

गेल्या जुलैत तिला खोकला होता, ते तुला माहीत आहे. एका शुक्रवारी तिनं तीन दिवसांची रजा मागितली. घरी नाही मागितली. चारचौघींसारखी माझ्या खिडकीपुढे रांगेत उभी राहून मागितली. मी म्हणालो, कारकुनाच्या बायकोला आधी रजा दिली तर बाकीच्या काय म्हणतील? पुढच्या आठवड्यात बघू. ती हसली आणि म्हणाली, "बरं, सायब." आणि चाळणीवर जाऊन बसली. पुढच्या आठवड्यात तिला दवाखान्यातच न्यावं लागलं. तिथून ती घरी आली नाही.

डॉक्टर म्हणाले, तीन दिवसांनी काही फरक पडला नसता. नसेल पडला. पण ते तीन दिवस ती घरात असती, यशीजवळ. आता रोज देतो ती रजा तेव्हा द्यायची होती.

म्हणून मी यशीला आणत नव्हतो. नोकरीचं कारण नव्हतं. आई कामाला का जात होती, तू तिला घरी का ठेवलं नाहीस, असं ती आज नाही तरी चार वर्षांनी विचारेल. तुझ्याकडे असली की ते मला विचारणार नाही, असं वाटायचं.

मालुबाईनं काल सही केली, म्हणजे अंगठा दिला. काल तिची शेवटची हजेरी. शेवंताचं नाव पुकारलं तेव्हा ती नेहमीसारखी "रजा" म्हणाली. संध्याकाळी भोंगा झाल्यावर खिडकीशी आली.

"क्लार्कसाब, सोमवारपास्नं मी न्हाय. आता श्येवंताची रजा कोन म्हननार?"

मी मस्टर पुढे ओढलं.

"लई रजा झाली. नाव काढा आता. आन् पोरगीला आणा. शाळा सुटली की भोंग्यापतोर माज्याकडं ऱ्हाईल. मी तर रिकामीच, राजीखुशीनं बसवलंय न्हवं?"

मी म्हणालो, "तिनं काही विचारलं तर?"

"खरं सांगायचं. रडली तर रडू द्या. तिचं सोडा, तुमी कवा रडनार ते बघा. आमी आठ म्हैने वाट बघालोय."

ती गेल्यावर ऑफिसात एकटाच होतो. पट्टी लावली आणि रेघ मारली. सरळ आली. शाई वाळेपर्यंत मस्टर उघडं ठेवलं, मग कपाटात ठेवून कुलूप लावलं. नोटीस हरिभाऊंच्या टेबलावर ठेवली.

माझा स्वतःचा फॉर्म मी उद्या कोरा परत करणार आहे. तुला वाईट वाटेल. तुझ्याकडे आलो असतो तर खायला कमी पडलं नसतं, पण यशी तुझ्याच हाताखाली वाढली असती आणि मी कोपऱ्यात बसून बघत राहिलो असतो. आठ महिने इथं बसून तेच केलं. वखारीत आता नव्वद बायका उरतील. त्यांची हजेरी घ्यायला कुणीतरी लागेल. रजा मागायला खिडकीशी आली तर द्यायलाही लागेल. तेवढं काम मी करू शकतो.

पुढच्या रविवारी, सहा तारखेला, सकाळच्या पहिल्या गाडीनं येतो. यशीचं नाव तिथल्या शाळेत घालू नकोस. तिला आधीच काही सांगू नकोस, मी आल्यावर सांगतो. आठ महिने तू तिला पोटच्या पोरीसारखं सांभाळलंस, आणि आता मी न्यायला येतो म्हणतो. तू बोलशील ते ऐकून घेईन. दर महिन्याला तिला घेऊन येईन, हा शब्द.

दिवस कलला. आता हे पाकीट बंद करून तांदूळ निवडायला बसतो. ऑगस्टपासून एकट्याचंच माप घालतोय. आज दोघांचं घालणार आहे. हाताला पुन्हा सवय व्हायला आठवडा लागेल. उरेल तो भात सकाळी फोडणीला टाकीन.

यशीचा बाप,
सिद्राम